प्रतिपिंडाची साक्ष : सह-शॅपरोन प्रथिनांच्या शोधाचा इतिहास

सह-शॅपरोन या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या प्रथिनांपैकी अनेकांचा शोध घ्यावयास कोणीही निघाले नव्हते. दुसऱ्याच एखाद्या प्रथिनासाठी तयार केलेल्या प्रतिपिंडाने ते प्रथिन पेशीच्या द्रवातून ओढून काढले, तेव्हा त्याच्यासोबत ही अनाहूत प्रथिनेही वर आली. आणि त्यांचे कार्य काय, किंबहुना ती कोण आहेत, हे कळण्यास पुढे काही वर्षे, क्वचित दीड दशकही लागले. ज्या साधनाने ती प्रथम दृष्टोत्पत्तीस आली तेच साधन, म्हणजे प्रतिपिंड, आज एखाद्या पेशीत ती आहेत की नाहीत हे ठरविण्यास वापरले जाते. यास्तव प्रतिपिंडाच्या साक्षीचे मूल्य किती आणि ती कोणत्या अटींवर ग्राह्य मानावी, हा प्रश्न विज्ञानाच्या इतिहासाचा आहे, तसाच तो प्रयोगशाळेच्या नित्य व्यवहाराचाही आहे.

पिंपरी-चिंचवडच्या परिसरात या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तेव्हा जवळचे ताथवडे हे मुळशी तालुक्यातील एक शेतीप्रधान गाव होते. २००९ साली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. आज तेथे डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाची जैवतंत्रज्ञान व जैवमाहितीशास्त्र संस्था आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना पेशींचे वाण पुरविते. ताथवड्यासारख्या ठिकाणच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला पेशी आणि प्रतिपिंड या दोन्ही वस्तू आता मागवून घेता येतात. कुपीवर प्रथिनाचे नाव छापलेले असते. परंतु आतील द्रव त्याच प्रथिनाला ओळखतो की नाही, हे त्या छापील नावावरून सिद्ध होत नाही. असे का, हे पुढील इतिहासावरून स्पष्ट होईल.

साम्य आणि एकरूपता : पुण्याचा एक दाखला

बेरिंग व किटासाटो यांनी १८९० साली धनुर्वात व घटसर्प या रोगांवरील प्रतिविषाचे गुणधर्म दाखवून दिले, तेव्हापासून प्रतिपिंडाचे सामर्थ्य त्याच्या निवडकपणात आहे असे मानले गेले. तथापि प्रतिपिंड संपूर्ण प्रथिनाला ओळखत नाही. त्याच्या पृष्ठावरील एका लहानशा भागाला ओळखते. तोच किंवा तत्सदृश भाग दुसऱ्या प्रथिनावर असेल, तर प्रतिपिंड तेथेही जाऊन चिकटते. या गुणाचा उपयोग आणि त्याचा धोका अशा दोहोंचा अनुभव पुण्यातील संशोधकांना फार पूर्वी आला होता.

पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने स्थापन झाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. १९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि माणसांना तीव्र ज्वर येऊ लागला. टेलफर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो व त्यांचे सहकारी यांनी तेथून विषाणू वेगळा केला आणि ज्ञात विषाणूंविरुद्धच्या प्रतिपिंडांशी तो पडताळून पाहिला. त्याचे नाते रशियातील वसंत-ग्रीष्म मस्तिष्कशोथाच्या विषाणूगटाशी जुळले. रोग गोचिडांमार्फत पसरत असावा, या दिशेने तपास जाण्यास हे निदान फार उपकारक ठरले.

परंतु या साम्यावर विसंबून पुढचे पाऊल टाकले गेले, ते मात्र फसले. रशियन विषाणूपासून केलेली मृत विषाणूंची लस क्यासनूर भागातील लोकांना टोचून पाहण्यात आली. तिने अपेक्षित संरक्षण मिळाले नाही. पुढे १९६० नंतरच्या दशकात खुद्द क्यासनूरच्या विषाणूपासून, कोंबडीच्या गर्भपेशींत तो वाढवून, लस तयार करावी लागली. प्रतिपिंडाने सांगितलेली गोष्ट खोटी नव्हती. हे दोन विषाणू एका कुळातील आहेत एवढेच तिने सांगितले होते. ते एकच आहेत, किंवा एकावरील संरक्षण दुसऱ्यास पुरेल, हा निष्कर्ष साक्षीत नव्हता. तो ऐकणाऱ्याने काढला होता. साक्षीचा आशय आणि तिच्यावरून केलेले अनुमान यांतील हा भेद सह-शॅपरोनांच्या इतिहासात पुनःपुन्हा प्रत्ययास येतो.

उष्माघात ते शॅपरोन

या प्रथिनांची कथा सुरू होते ती फळमाशीपासून. इटालियन संशोधक फेरुचिओ रितोसा यांनी १९६२ साली असे प्रसिद्ध केले, की फळमाशीच्या लाळग्रंथींना नेहमीपेक्षा अधिक उष्णता लागली असता त्यांतील गुणसूत्रांवर काही ठराविक ठिकाणी फुगवटे येतात. १९७४ साली तिसिएर, मिचेल व ट्रेसी यांनी या फुगवट्यांबरोबर काही विशिष्ट प्रथिने निर्माण होतात हे दाखविले. ती उष्माघात प्रथिने होत. त्यांना त्यांच्या रेणुभारावरून एचएसपी-७०, एचएसपी-९० अशी नावे मिळाली. ही प्रथिने केवळ संकटकाळी निर्माण होत नाहीत, तर निरोगी पेशीतही त्यांपैकी अनेक मोठ्या प्रमाणात असतात, हे पुढे लक्षात आले. एचएसपी-९० तर सामान्य पेशीतील एकूण प्रथिनांच्या सुमारे एक ते दोन टक्के भरते.

'शॅपरोन' हा शब्द रॉन लास्की व सहकाऱ्यांनी १९७८ साली न्यूक्लिओप्लाझमिन या एका प्रथिनापुरता वापरला होता. १९८७ साली जॉन एलिस यांनी त्याचा अर्थ व्यापक केला. नव्याने तयार होणाऱ्या प्रथिनसाखळीने भलत्याच ठिकाणी न गुंतता योग्य घडी घ्यावी म्हणून तिला सोबत करणारी, परंतु अंतिम रचनेत स्वतः न राहणारी प्रथिने, असा तो अर्थ होय. या शॅपरोनांना वेळेवर काम देणारी, त्यांची ऊर्जावापराची गती नियंत्रित करणारी किंवा त्यांच्यापर्यंत योग्य प्रथिन आणून पोचविणारी साहाय्यक प्रथिने म्हणजे सह-शॅपरोन. हे वर्गीकरण आज सुटसुटीत वाटते. पण त्यांतील बरीच प्रथिने त्याच्या आधीच, नावावाचून, जेलवरील पट्ट्यांच्या रूपाने दिसू लागली होती.

अर्बुदाच्या रक्तरसातील ५० किलोडाल्टनचा पट्टा

१९७७ साली जोन ब्रुग व रेमंड एरिक्सन यांनी राऊस सार्कोमा विषाणूमुळे अर्बुद झालेल्या सशांचा रक्तरस वापरून त्या विषाणूचे कर्कजनक प्रथिन ओळखले. त्याचा रेणुभार ६० किलोडाल्टन होता व पुढे ते 'सार्क' या नावाने प्रसिद्ध झाले. सशाच्या शरीराने अर्बुदाविरुद्ध स्वतःच निर्माण केलेली प्रतिपिंडे हे येथील साधन होते. या रक्तरसाने सार्क अवक्षेपित केले असता त्याच्याबरोबर सुमारे ९० व ५० किलोडाल्टनची आणखी दोन प्रथिने येतात, हे १९८१ साली ब्रुग व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले.

येथे दोन शक्यता होत्या. रक्तरसात या दोन प्रथिनांविरुद्धही प्रतिपिंडे असतील आणि ती स्वतंत्रपणे पकडली जात असतील. अथवा प्रतिपिंडाने फक्त सार्क पकडले असेल आणि इतर दोन त्याला बिलगून आली असतील. जेलवरील पट्टा या दोन्ही शक्यतांत सारखाच दिसतो. या प्रकरणी दुसरी शक्यता खरी ठरली. ९० किलोडाल्टनचे प्रथिन हे उष्माघात प्रथिन आहे असे ऑपरमन, लेव्हिन्सन व बिशप यांनी त्याच वर्षी दाखवून दिले. ५० किलोडाल्टनचे प्रथिन मात्र पुढे पंधरा वर्षे आकड्यानेच ओळखले गेले. यीस्टमध्ये पेशीविभाजनाच्या अभ्यासातून सीडीसी-३७ नावाचे जनुक १९८० सालापासून ज्ञात होते. त्या जनुकाचे सस्तन प्राण्यांतील प्रथिन आणि हे ५० किलोडाल्टनचे प्रथिन एकच आहे, व ते कायनेज वर्गाची प्रथिने एचएसपी-९० कडे पोचविते, हे १९९६ साली प्रस्थापित झाले. प्रतिपिंडाने एका बाजूने आणि जनुकशास्त्राने दुसऱ्या बाजूने खणलेला बोगदा येथे मध्यावर मिळाला. यांपैकी कोणत्याही एका बाजूने ते काम पुरे झाले नसते.

भलत्याच प्रथिनाला ओळखणारे प्रतिपिंड

कोहलर व मिलस्टीन यांनी १९७५ साली एकाच पेशीच्या वंशातून एकाच प्रकारचे प्रतिपिंड अमर्याद काळ मिळविण्याची रीत शोधली. त्यापूर्वी प्रतिपिंड म्हणजे प्राण्याच्या रक्तरसातील अनेक प्रतिपिंडांचे मिश्रण असे. तो प्राणी गेला की ते मिश्रणही संपे. नव्या मोनोक्लोनल प्रतिपिंडांमुळे सातत्य आले. तथापि सातत्य म्हणजे अचूकता नव्हे. एकच चूक अनंत काळ तशीच करीत राहणारे प्रतिपिंडही याच रीतीने मिळू शकते.

प्रोजेस्टेरोन या संप्रेरकाच्या ग्राही प्रथिनाचा अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. ली फेबर यांच्या गटाने सशाच्या गर्भाशयातील या ग्राहीविरुद्ध मोनोक्लोनल प्रतिपिंडे तयार केली. त्यांपैकी ईसी-१ हे प्रतिपिंड ग्राहीला ओळखत नसून त्याच्या संगतीत असणाऱ्या ५९ किलोडाल्टनच्या एका वेगळ्याच प्रथिनाला ओळखते, असे आढळून आले. ते प्रतिपिंड टाकून देण्यात आले नाही. उलट १९८६ साली त्याच्याच साह्याने असे दाखविण्यात आले, की हे प्रथिन प्रोजेस्टेरोनप्रमाणेच इस्ट्रोजेन, अँड्रोजेन व ग्लुकोकॉर्टिकॉइड यांच्या ग्राहींबरोबरही असते. १९९२ साली त्याची ओळख पटली. प्रतिकारशक्ती दडपणारे एफके-५०६ हे औषध ज्या कुळातील प्रथिनांना चिकटते त्या कुळातील ते निघाले, आणि आज ते एफकेबीपी-५२ हे सह-शॅपरोन म्हणून परिचित आहे. प्रतिपिंड आपल्या उद्दिष्टाबाहेर गेले हे येथे संशोधकांनी ओळखले, म्हणून चुकीतून शोध लागला. ते ओळखले नसते, तर ग्राहीविषयीची चुकीची माहिती निबंधांतून पसरली असती.

प्रतिपिंडाच्या सदृशग्राही स्वभावाचा लाभही याच क्षेत्रात झाला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डेव्हिड टॉफ्ट यांच्या गटाने अक्लिया नावाच्या जलबुरशीच्या प्रथिनावर तयार केलेले एक प्रतिपिंड पक्ष्यांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या पेशींतील ९० किलोडाल्टनच्या प्रथिनालाही ओळखते असे आढळले. १९८५ साली निरनिराळ्या प्रयोगशाळांनी, अशा प्रतिपिंडांच्या व इतर पुराव्यांच्या आधारे, संप्रेरक-ग्राहींच्या सोबतचे हे प्रथिन म्हणजे एचएसपी-९० च होय असे सिद्ध केले. क्यासनूरमध्ये जे साम्य लसीच्या बाबतीत फसवे ठरले, ते बुरशी आणि पक्षी यांच्यामधील साम्य येथे खऱ्या वंशसातत्याचे द्योतक ठरले. दोहोंत फरक प्रतिपिंडाच्या वागण्यात नव्हता; स्वतंत्र पुराव्याने ते साम्य कितपत तपासले गेले, यात होता.

पी-६० आणि पी-२३

१९९० नंतरच्या काही वर्षांत हीच पद्धत हेतुपुरस्सर वापरली जाऊ लागली. ग्राहीबरोबर येणारा अनोळखी पट्टा वेगळा करावयाचा, त्या प्रथिनाविरुद्ध नवे प्रतिपिंड तयार करावयाचे, आणि मग त्या प्रतिपिंडाने उलट दिशेने पकड करून पाहावयाची, असा हा क्रम होता. डेव्हिड स्मिथ व सहकाऱ्यांनी १९९३ साली ६० किलोडाल्टनच्या अशा एका प्रथिनाची माहिती प्रसिद्ध केली. ते एचएसपी-७० व एचएसपी-९० या दोहोंशी संलग्न असते, आणि १९८९ पासून ज्ञात असलेल्या यीस्टमधील एसटीआय-१ या प्रथिनाचे ते आप्त आहे, हे त्यातून निष्पन्न झाले. पहिल्या शॅपरोनकडून दुसऱ्याकडे घडी घेणारे प्रथिन सोपविताना दोघांना एकत्र धरून ठेवणारे हे सह-शॅपरोन आता 'हॉप' म्हणून ओळखले जाते. १९९४ साली जिल जॉन्सन, टॉफ्ट व सहकाऱ्यांनी पी-२३ या प्रथिनाचे वर्णन केले. त्यासाठी बनविलेले जेजे-३ हे प्रतिपिंड पुढे अनेक प्रयोगशाळांत वापरले गेले.

या दोन प्रथिनांच्या नावांतच विद्यार्थ्यासाठी एक सूचना दडलेली आहे. पी-२३ हे नाव जेलवरील जागेवरून पडले. अमिनो आम्लांच्या क्रमावरून काढलेला मानवी पी-२३ चा रेणुभार १९ किलोडाल्टनहूनही किंचित कमी भरतो. म्हणजे पट्टा 'योग्य' जागी नाही म्हणून तो नाकारणे चुकीचे ठरू शकते. उलट ५९ किलोडाल्टनचे एफकेबीपी-५२ आणि ६० किलोडाल्टनचे हॉप ही सर्वस्वी भिन्न प्रथिने जेलवर जवळजवळ एकाच जागी येतात. म्हणजे पट्टा योग्य जागी आहे म्हणून तो स्वीकारणेही सुरक्षित नाही.

बॅग-१ या सह-शॅपरोनचे उदाहरण त्याहून बोलके आहे. १९९५ साली ते पेशीमृत्यू रोखणाऱ्या बीसीएल-२ या प्रथिनाचे सहकारी म्हणून सापडले. एचएसपी-७० शी त्याचे असलेले नाते १९९७ साली स्पष्ट झाले. मानवी पेशीत एकाच संदेशक आरएनएवर निरनिराळ्या ठिकाणी भाषांतर सुरू झाल्यामुळे त्याची सुमारे ५०, ४६ व ३६ किलोडाल्टनची रूपे तयार होतात, आणि त्यांतील सर्वांत मोठे रूप मुख्यतः पेशीकेंद्रकात आढळते. अशा प्रथिनाच्या बाबतीत तीन पट्टे हे अशुद्ध प्रतिपिंडाचे लक्षण असेलच असे नाही. तसेच केवळ आरंभीच्या भागाला ओळखणारे प्रतिपिंड वापरले, तर एकच स्वच्छ पट्टा मिळेल आणि उरलेली रूपे पेशीत नाहीतच असा निष्कर्ष निघेल. स्वच्छ चित्र म्हणजे खरे चित्र, हा समज येथे टिकत नाही.

उलटतपासणीची रीत

टोबिन व सहकाऱ्यांनी १९७९ साली जेलमधील प्रथिने नायट्रोसेल्युलोजच्या पडद्यावर उतरवून प्रतिपिंडाने ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९८१ पासून तिला वेस्टर्न ब्लॉट हे नाव रूढ झाले. ती स्वस्त आणि सोपी असल्यामुळे सर्वत्र पसरली, आणि प्रतिपिंडे विकत मिळू लागल्यावर ती तयार करणारा व वापरणारा यांची ताटातूट झाली. टॉफ्ट किंवा फेबर यांच्या गटांना आपल्या प्रतिपिंडाचा सारा स्वभाव ठाऊक होता, कारण तो त्यांनीच पारखलेला होता. कुपी विकत घेणाऱ्यापाशी ही माहिती नसते.

या स्थितीचे परिणाम गेल्या काही वर्षांत मोजले गेले आहेत. २०१७ साली इस्ट्रोजेनच्या बीटा ग्राहीसाठी वापरली जाणारी १३ प्रतिपिंडे तपासली असता त्यांपैकी एकच विश्वसनीय ठरले, आणि तेही फारसे वापरात नसलेले. मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी अन्य सहकाऱ्यांसह २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ६५ प्रथिनांसाठी विकली जाणारी ६१४ प्रतिपिंडे पारखण्यात आली. ती ज्या प्रथिनासाठी होती त्याचे जनुक काढून टाकलेल्या पेशी आणि मूळ पेशी शेजारी शेजारी ठेवून ही परीक्षा झाली. मूळ प्रथिनाला ओळखतच नाही अशा प्रतिपिंडाचा पुरावा दर प्रथिनामागे सरासरी सुमारे १२ प्रकाशित निबंधांत वापरला गेल्याचे त्यात दिसून आले. म्हणजे प्रश्न एखाद्या प्रयोगापुरता नाही. त्या निबंधांवर उभारलेल्या पुढील संशोधनाचा, त्यावर खर्च झालेल्या द्रव्याचा आणि विद्यार्थ्यांच्या वर्षांचा आहे.

२०१६ साली उलेन व अन्य तज्ज्ञांनी प्रतिपिंडांच्या पारखणीचे पाच मार्ग सुचविले. जनुक काढून वा क्षीण करून पट्टा नाहीसा होतो का, हे पाहणे. प्रतिपिंडावाचून केलेल्या मोजणीशी निष्पत्ती ताडणे. त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या भागाला ओळखणारे स्वतंत्र प्रतिपिंड वापरणे. खूण जोडलेले प्रथिन पेशीत निर्माण करून दोन्ही चित्रे जुळतात का, हे पाहणे. आणि प्रतिपिंडाने पकडलेला पदार्थ वस्तुमान वर्णपटाने ओळखणे. बारकाईने पाहता या पाचांतील काही मार्ग नवे नाहीत. सीडीसी-३७ ची ओळख जनुकाच्या वाटेने पटली. हॉपच्या बाबतीत प्रथिनाच्या अमिनो आम्लक्रमाची साक्ष प्रतिपिंडाच्या साक्षीशी जोडली गेली. जुन्या संशोधकांनी जे गरजेपोटी केले, त्याचेच हे सूत्ररूप आहे.

ताथवड्यातील वा अन्य कोणत्याही लहान प्रयोगशाळेला हे पाचही मार्ग अवलंबिणे शक्य नसते; ते आवश्यकही नाही. सह-शॅपरोनांच्या बाबतीत त्यांच्या कार्यातूनच काही सुलभ कसोट्या मिळतात. उदाहरणार्थ, जेल्डानामायसिन हे द्रव्य एचएसपी-९० ला चिकटले की पी-२३ त्याच्याशी संलग्न होऊ शकत नाही, हे १९९५ साली जॉन्सन व टॉफ्ट यांनी दाखविले. एचएसपी-९० च्या प्रतिपिंडाने केलेल्या पकडीत पी-२३ म्हणून दिसणारा पट्टा या द्रव्यानंतरही जसाच्या तसा राहिला, तर त्याच्याविषयी शंका घेणे रास्त होय. लहान व्यत्ययी आरएनएच्या साह्याने हॉपचे प्रमाण घटविले असता हॉप म्हणविणारा पट्टा फिका झाला नाही, तर तो पट्टा हॉपचा नव्हे असेच बहुधा मानावे लागेल. अशा एका तुलनेचा रकाना प्रत्येक ब्लॉटमध्ये ठेवणे हे कोणत्याही प्रयोगशाळेच्या आवाक्यातील काम आहे. ज्या प्रबंधात तो रकाना नाही, त्यातील पट्ट्याच्या जागेला प्रथिनाचे नाव न देता किलोडाल्टनचा आकडा देणे अधिक प्रामाणिक ठरेल.

तसे करण्यास उत्तम पूर्वाधार आहे. १९८१ पासून १९९६ पर्यंत ५० किलोडाल्टनचे ते प्रथिन केवळ आकड्याने ओळखले गेले. पी-६० आणि पी-२३ हेही मुळात आकडेच होते. पुरावा जेवढा होता तेवढेच नाव त्या संशोधकांनी दिले आणि उरलेली जागा मोकळी ठेवली. त्यामुळेच पुढे खरी ओळख पटली तेव्हा त्या जागी तिला निर्वेधपणे बसविता आले, आणि आधीचा एकही निबंध मागे घेण्याची वेळ आली नाही.